गोदावरीच्या डोहांतून उन्हाळी होडीसफर : नवख्यांनी तयारी कशी करावी

पैठणच्या खाली गोदावरी उन्हाळ्यात वाहत नाही, साठून राहते. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, दिग्रस, अंतेश्वर, विष्णुपुरी आणि तेलंगणाच्या सीमेजवळचे बाभळी अशी बंधाऱ्यांची रांग नदीवर उभी आहे. ज्याचे दरवाजे धड आहेत आणि ज्यात पाणी अडलेले आहे, अशा प्रत्येक बंधाऱ्यामागे काही किलोमीटर लांबीचा संथ डोह मिळतो. वरून पाहिले तर हा पाण्याचा जिनाच. वल्हे हातात धरायला नुकतेच शिकलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगले पाणी मराठवाड्यात नाही. अडचण एवढीच, की होडीला एका डोहातून दुसऱ्यात उतरायची सोय कुठेच केलेली नाही.

जिथे नदी वाहतुकीसाठी वापरली गेली तिथे ही सोय असते. याच गोदावरीवर खाली आंध्रात धवळेश्वरमच्या कालव्यांना लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौदातले पाणी खालच्या पातळीइतके होईपर्यंत सोडायचे आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. आपल्या बंधाऱ्यांचे दरवाजे पाणी अडवण्यासाठी आहेत, होडीसाठी नाहीत. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ गोदावरीवरून नाशिकपर्यंत वाढवला, पण तो कागदावर. तेव्हा मराठवाड्यात सफर आखताना पहिला नियम हा : किलोमीटर नंतर मोजा, आधी बंधारे मोजा. प्रत्येक बंधाऱ्यावर होडी उचलून पलीकडे न्यावी लागणार आहे.

कधी जायचे

उन्हाळी सफर म्हटली तरी मे महिना डोक्यातून काढून टाका. बंधाऱ्यांचे दरवाजे पावसाळा सरल्यावर बंद होतात आणि तेव्हापासून पाणी कमीच होत जाते. शेतीचा उपसा, बाष्पीभवन आणि गावांच्या पाणीयोजना मिळून मेपर्यंत बरेच डोह डबक्यांवर येतात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे आणि फार तर एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत बरे. पाणी पुरेसे असते, सकाळ गार असते आणि वळिवाचा जोर अजून सुरू झालेला नसतो.

बाभळीचे गणित वेगळे आहे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तिथले दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला तेलंगणासाठी ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडावे लागते. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या डोहात उतरायचा बेत करू नका. पाणी सुटते आणि पातळी झपाट्याने घसरते.

डोहात पाणी आहे की नाही हे घरबसल्या बघता येते. नेहमीच्या नकाशावरचे उपग्रहचित्र कधी कधी दोन-तीन वर्षे जुने असते, त्यावर विसंबून राहू नका. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवी येतात. निघण्याच्या आठवड्यातले चित्र उघडा. बंधाऱ्याच्या भिंतीला टेकलेला गडद पट्टा वरच्या बाजूला अखंड कुठवर जातो ते पाहा. पट्टा तुटक असेल तर मध्ये वाळूचे उंचवटे वर आले आहेत आणि तुम्हाला होडी ओढत न्यावी लागेल. हिरवट पोपटी पसारा दिसला तर ती बहुधा जलपर्णी. नांदेडच्या आसपास ती फार असते. दहा-पंधरा मीटरपेक्षा रुंद पट्ट्यात होडी घालू नका, वल्हे अडकते आणि माणूस जागच्या जागी दमतो.

कोणाला विचारायचे

पहिला फोन जलसंपदा विभागाच्या स्थानिक शाखा कार्यालयात करा. प्रश्न दोनच : येत्या चार दिवसांत वरून आवर्तन (धरणातून पाळीपाळीने सोडायचे पाणी) सुटणार आहे का, आणि या बंधाऱ्याचे दरवाजे हलवायचे आहेत का. उत्तर ‘अजून ठरले नाही’ असे आले तर प्रत्यक्ष बंधाऱ्यावर जाऊन चौकीदाराला भेटा. त्याला कागदापेक्षा जास्त माहीत असते. पैठणच्या अगदी खाली जायचे असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. ते चालू-बंद झाले की खालच्या पाण्याची पातळी पाऊस नसतानाही वर-खाली होते. काठावर अर्धवट ओढलेली होडी अशा वेळी आपली आपणच निघून जाते.

दुसरी भेट गावातल्या मासेमारी संस्थेच्या लोकांची. पाण्याचा ठेका त्यांच्याकडे असतो आणि त्यांची जाळी रात्रभर पाण्यात असतात. ‘दादा, उद्या सकाळी इथून खाली वल्हवत जाणार आहोत, जाळी कुठे टाकलीत?’ एवढे विचारले की कुठून जायचे, कुठे गाळ आहे, कुठे वाळू उपसून पडलेला खड्डा आहे, सगळे कळते. न विचारता गेलात आणि जाळे फाटले, तर त्यांचा राग रास्तच म्हणावा लागेल. काठावर मुक्काम करणार असाल तर पोलीस पाटलांना सांगून ठेवा. रात्री नदीकाठी दिवा दिसला की गावाला पहिली शंका वाळूचोराची येते.

होडी आणि सामान

कोळ्यांची लाकडी किंवा पत्र्याची होडी एका डोहात फिरायला छान, पण ती बंधाऱ्यावरून उचलता येत नाही. दोन डोह करायचे असतील तर दोघांची हवेची कयाक (हवा भरून फुगवायची अरुंद, हलकी होडी) घ्या. १५ ते १८ किलो वजन, तळाला वेगळा कप्पा आणि बाजूंना दोन स्वतंत्र कप्पे असलेली, म्हणजे एक फुटला तरी दुसरा तारतो. प्लास्टिकची कयाक जास्त टणक असते पण तिचे वजन २५ किलोच्या पुढे जाते, ती दोघांनी पिचिंगच्या (बंधाऱ्याच्या बाजूच्या उतारावर रचलेल्या) दगडांवरून नेणे जिवावर येते. थर्माकोलचा तराफा आणि ट्रकची ट्यूब या दोन गोष्टींवर गावातली पोरे आरामात फिरतात म्हणून आपणही फिरावे, असे अजिबात नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, अंगात घातलेले, पट्टे आवळलेले. मापाचे आहे का हे बघायची सोपी रीत : जॅकेट घालून, पट्टे बांधून, दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर खेचायचे. ते हनुवटीच्या वर कानापर्यंत सरकले तर ढिले आहे. होडीत पाठीमागे ठेवलेले जॅकेट बुडताना हाताला लागत नाही.

याशिवाय पंधरा मीटर तरंगणारी दोरी (८ मिलिमीटरची पॉलिप्रॉपिलीनची पुरते), एक जादा वल्हे, शिट्टी गळ्यात, हवेचा पंप, होडीबरोबर आलेली चिकटपट्टी व गोंद, आणि मोबाइल व कोरडे कपडे ठेवायला तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या दोन पिशव्या. बूट बोटे झाकणारे, ओले झाले तरी पायात टिकणारे हवेत. चपला गाळात राहतात.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला पाच लिटर. नदीचे पाणी उकळूनही पिऊ नका, त्यात शेतातली औषधे आणि गावाचे सांडपाणी उतरते, ते उकळण्याने जात नाही. ओआरएसच्या पुड्या माणशी तीन. खायला दशम्या आणि धपाटे घ्या, दोन दिवस टिकतात आणि ओल्या हाताने खाता येतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा. ताक न्यायचे तर पहिल्या सकाळपुरतेच.

निघण्याआधी एक सकाळ सरावाची

ही पायरी लोक सर्रास गाळतात. कमरेइतक्या पाण्यात, टणक तळ असलेल्या घाटावर तास-दोन तास द्या. बसायचे कसे ते आधी : होडीच्या मधोमध आधी बूड टेकवायचे, मग पाय आत. उभे राहून चढलात की होडी बाजूला सरते आणि तुम्ही मध्ये.

पुढे बसलेला ताल धरतो, मागे बसलेला दिशा. सरळ जायला दोघांनी एकाच वेळी एकाच बाजूला वल्हे घालायचे. वल्हे पायाच्या पंजाशी पाण्यात बुडवायचे आणि कमरेशी काढायचे, त्याच्या मागे ओढत नेले की होडी वळायला लागते. जोर हातातून लावला तर अर्ध्या तासात दंड भरून येतात, तो कमरेच्या पिळातून यायला हवा. उजवीकडे वळायचे तर मागच्याने डाव्या बाजूला वल्हे लांबवर कमानीसारखे फिरवायचे. थांबायचे तर दोघांनी उलटे वल्हे, आळीपाळीने दोन्ही बाजूंना.

मग मुद्दाम होडी उलटवा. पाण्यात पडल्यावर पहिले काम होडी धरणे, दुसरे जोडीदाराला हाक मारणे, तिसरे वल्हे. हाच क्रम. होडी सुलटी करून एकाने एका बाजूने दाबून धरायची, दुसऱ्याने समोरच्या बाजूने पोट घासत आत सरकायचे. हे तीन वेळा जमल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका. पोहता येते की नाही हा प्रश्न यानंतरचा आहे. पण दोघांपैकी एकालाही येत नसेल तर स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा.

दिवस कसा आखायचा

संथ पाण्यात नवखी जोडी तासाला तीन किलोमीटर जाते. उन्हाळ्यात पाण्यावरचे कामाचे तास सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी साडेचारनंतर दीड-दोन तास, एवढेच. मध्ये सावलीत पडून राहायचे. म्हणजे विसाव्यासह दिवसाला बारा-चौदा किलोमीटर. त्यातून प्रत्येक बंधाऱ्यामागे तीन किलोमीटर वजा करा, कारण होडी पलीकडे न्यायला तासभर जातो. पहिल्या सफरीला दिवसाला एकच बंधारा.

आमची शिफारस पैठणच्या खालून आपेगाव बंधाऱ्यापर्यंत आणि पलीकडे हिरडपुरीच्या डोहात. रस्ता दोन्ही काठांना जवळ आहे, गाडी बोलावता येते, आणि वाटेत आपेगावला ज्ञानेश्वर माउलींच्या जन्मस्थानी दुपारची सावली मिळते. ज्यांना पुढे जायचे त्यांच्यासाठी खाली राक्षसभुवनाचा परिसर आहे, जिथे १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. पण तो भाग दुसऱ्या-तिसऱ्या सफरीसाठी ठेवा, तिथे वाळूउपसा जास्त आणि पाणी कमी भरवशाचे.

प्रवाह नसल्यामुळे वारा हाच खरा प्रवाह समजा. उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो आणि नदी पूर्वेकडे जाते, म्हणून खाली जाताना तो पाठीशी राहतो. सुखाची गोष्ट, पण फसवी. ‘थोडे पुढे जाऊन परत येऊ’ म्हणणाऱ्यांना परतताना तोच वारा छातीवर येतो आणि दोन तासांची वाट चार तासांची होते. परतीची सफर असेल तर जाताना वाऱ्याविरुद्ध जा.

हवेच्या होडीला उन्हाचा वेगळा त्रास आहे. पहाटे गार हवेत कप्पे ठणठणीत भरले आणि दहाच्या उन्हात होडी काठावर ओढून ठेवली, तर आतली हवा फुगते आणि शिवण उसवते. पाण्यात असेपर्यंत तळ गार राहतो, धोका काठावर असतो. थांबलात की लगेच प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा, होडी सावलीत घ्या किंवा वर ओले गोणपाट टाका. निघताना पुन्हा भरा.

बंधारा ओलांडणे

भिंत दिसली की काठ धरा. निदान दोनशे मीटर आधी तुम्ही काठालगत असायला हवे, मधोमध नाही. दरवाजाखालून थोडे जरी पाणी सुटत असेल तर वरून काहीच कळत नाही, पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि ओढ खालून असते. दरवाजावरून पाणी सांडत असेल तर खालच्या बाजूला पाणी उलटे फिरून पुन्हा भिंतीकडे येते. त्या भोवऱ्यातून लाइफ जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही बाहेर पडत नाही. म्हणून भिंतीवरून होडी घसरवणे, दोरीने सोडणे असले प्रयोग नकोत.

उतरण्याची जागा निवडताना जनावरांच्या पाणवठ्याची वाट शोधा. गुरे जिथून रोज पाण्यात उतरतात तिथला तळ टणक असतो. जी जागा सपाट, गुळगुळीत आणि ओलसर काळी दिसते तिथे गाळ असतो. बंधाऱ्याच्या बाजूचे पिचिंगचे दगड शेवाळाने निसरडे असतात, त्यांच्यावर सामान घेऊन पाय टाकू नका.

एकजण होडी धरून थांबेल, दुसरा रिकाम्या हाताने पलीकडे जाऊन येईल. वाट कशी आहे, खाली पाणी आहे का, उतरायला जागा आहे का हे बघूनच सामान काढायचे. पलीकडे कोरडे पात्र निघाले तर सफर इथेच संपली, गाडी बोलवा. पाणी असेल तर पहिल्या फेरीत पिशव्या, दुसऱ्या फेरीत होडी. उचलताना पुढच्याने आणि मागच्याने विरुद्ध बाजूंना उभे राहावे, एकाच बाजूला राहिलात की होडी पायात येते. बंधाऱ्यावरून रस्ता जात असेल तर दोन चाकांची छोटी ट्रॉली फार कामी येते, पण दगडांवर तिचा उपयोग नाही.

खाली लगेच होडी टाकू नका. भिंतीच्या पायथ्याशी काँक्रीटचा तळ, पाण्याचा जोर मोडण्यासाठी बांधलेले ठोकळे आणि कधी उघड्या पडलेल्या सळ्या असतात. हवेच्या होडीला एक सळई पुरे. दीडशे मीटर खाली चालत जाऊन, तळ दिसेल अशा उथळ जागी उतरा. दरवाजे हलवायचे काम चालू असेल किंवा यंत्राचा आवाज आला तर ते थांबेपर्यंत काठावरच बसा.

पाण्यातले धोके, महत्त्वाच्या क्रमाने

वाळूचे खड्डे. गोदावरीत उन्हाळ्यात माणसे बुडतात ती बहुतेक वेळा यांच्यात. घोट्याएवढ्या पाण्यातून चालता चालता पुढचे पाऊल थेट दोन पुरुष पाण्यात पडते, आणि खड्ड्याची कड ढासळती असल्याने वर चढता येत नाही. होडी उथळात अडकली तरी उतरून ओढताना एक हात होडीवर हवाच, आणि वल्ह्याने पुढचा तळ चाचपत जायचे. पाण्याचा रंग एकदम गडद झाला की थांबा. लाइफ जॅकेट चालतानाही अंगातून काढायचे नाही.

वीजपंप. दोन्ही काठांवर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि त्यांच्या केबल पाण्यातून किंवा ओल्या मातीतून गेलेल्या असतात. जोड चिकटपट्टीने गुंडाळलेले, तेही कधी काळचे. मोटार बंद दिसते म्हणून हात लावू नका, तिला ऑटो स्टार्टर असतो आणि वीज आली की ती आपोआप सुरू होते. पाइपला होडी बांधू नका, मोटारीजवळ उतरू नका, दहा मीटर अंतर ठेवा.

जाळी. पाण्यावर ओळीने तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या म्हणजे उभे सोडलेले जाळे. काठाकाठाने वळसा घालता आला तर घाला. नाहीच जमले तर दोन तरंग्यांच्या बरोबर मध्ये, जिथे दोरी खाली झोळलेली असते तिथून, वल्ही वर उचलून नुसत्या वेगाने पार व्हा. अडकलात तर उभे राहू नका आणि जाळे कापू नका, बसल्या बसल्या हाताने सोडवा.

गाळ. पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर जोर लावून उपसू नका, दुसराही जातो. होडीवर किंवा आडव्या वल्ह्यावर छाती टाका, वजन पसरा, पाय हळूहळू फिरवत मोकळा करा. बूट गेला तर जाऊ द्या.

वळीव आणि वीज. एप्रिलपासून दुपारनंतर आभाळ भरायला लागले की पाण्यातून बाहेर पडायचे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपेक्षा कमी अंक मोजून झाले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे दामिनी अ‍ॅप मोबाइलवर असू द्या. काठावर आलात की एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडी किंवा पक्के घर गाठा.

नाथसागर आणि कालवे

जायकवाडीच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, मोह होणारच, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचे पाणी समोर दिसते. पण १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. वनविभागाच्या वन्यजीव शाखेची परवानगी हातात असल्याशिवाय तिथे होडी घालायची नाही. परवानगी मिळाली तरी नवख्यांनी धरणाच्या बाजूला जाऊ नये. वारा पश्चिमेकडून, भिंत पूर्वेला आणि मध्ये पन्नासेक किलोमीटर मोकळे पाणी, त्यामुळे दुपारच्या लाटा सगळ्या भिंतीकडे वाढत येतात. कायगाव टोक्याचा प्रवरा संगमाकडचा भाग त्या मानाने अरुंद आणि आडोशाचा. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर मात्र उतरू नका. मार्च ते मे नदीसुरय आणि टिटव्यांची अंडी तिथे उघड्या वाळूवर असतात, पायाखाली येईपर्यंत दिसतसुद्धा नाहीत. काठावरची गाळपेरही कुणाची तरी पिके आहेत, त्यातून होडी ओढू नये.

कालव्यात कधीच नाही. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२, दोन्ही सरळ, भरून वाहणारे, दिसायला सोपे. अस्तराच्या उतारावर शेवाळ असते, हाताला धरायला काही नसते आणि पडलेला माणूस वर येऊ शकत नाही. पुढे नाला लागला की पाणी सायफनमधून, म्हणजे बंद नळातून, नाल्याखालून जाते, तिथे होडी आणि माणूस दोन्ही आत ओढले जातात.

मदत आणि परत आल्यावर

निघण्याची जागा, उतरण्याची जागा आणि पोचण्याची वेळ घरच्या एका माणसाला लिहून पाठवा. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर त्याने ११२ ला कळवायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८. बंधाऱ्याचे आणि जवळच्या गावाचे नाव सांगता आले पाहिजे, ‘नदीत आहोत’ म्हणून कुणी पोचत नाही. ऊन लागलेल्याचा घाम थांबला, अंग तापले आणि तो असंबद्ध बोलायला लागला तर पाजण्याच्या मागे लागू नका, आधी सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

घरी आल्यावर होडी स्वच्छ पाण्याने धुवा, झडपांमधली वाळू काढा आणि सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. तळाला, दोरीला चिकटलेले जलपर्णीचे तुकडे वेचून उन्हात वाळवून टाका, नाल्यात नाही. एका तुकड्यापासून दुसऱ्या तलावात पसारा उभा राहतो.